वाचकांचे प्रश्न : ‘तीन महिने झाले, आता भेटायला जाऊ का?’

गेल्या अंकात मी एक वाक्य सहज लिहून गेले होते : हल्ली माणसं भेटत नाहीत, एकमेकांना नुसती ‘बघून ठेवतात’. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. (पत्रं कसली, सगळे ई-मेल. हाताने लिहिलेलं एकच, आणि तेही भांडायला आलेलं.) त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ३२ वर्षं वाचा-उपचाराचं काम केलं. ज्यांचं बोलणं अडतं, ज्यांना कमी ऐकू येतं, पक्षाघातानंतर ज्यांचे शब्द हरवतात, अशांच्या सोबतीत दिवस गेले. त्यामुळे माणूस काय बोलतो यापेक्षा तो बोलताना कुठे थांबतो, तिकडे माझा कान आधी जातो. उत्तरंही त्याच कानाने दिली आहेत.

प्रश्न : माझं वय २७. कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचे वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. बातमी ग्रुपवर आली. मी लगेच हात जोडलेला इमोजी आणि दोन ओळी टाकल्या. मग तिला वेगळा मेसेजही केला, ‘काही लागलं तर सांग.’ तिचं उत्तर आलं, ‘हो.’ त्यानंतर ती माझे मेसेज वाचते, ब्लू टिक येते, पण उत्तर नाही. परवा दुसऱ्या एका मैत्रिणीकडून कळलं, ती म्हणाली होती, ‘अर्ध्या तासावर राहते, पण आली नाही.’ मला तेव्हा खरंच वाटलं होतं की अशा वेळी जाऊन उगाच त्रास कशाला द्यायचा. आता गेले तर विचित्र दिसेल ना? की एक सविस्तर मेसेज लिहून माफी मागू?

उत्तर : वय वाचून ‘तू’ म्हणते, चालेल ना?

जा. सविस्तर मेसेज लिहू नकोस. तो लिहायला तुला दोन तास लागतील, चारदा खोडशील, आणि ती तो वाचेल तेव्हा तू तिथे नसशीलच. मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो, मीही वापरलंय. वाईट काहीच नाही त्यात. फक्त त्यात सगळं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. जो आधीच कोसळलाय त्याने आपल्याला काय लागतंय ते शोधायचं, ते कोणाकडे मागावं ते ठरवायचं, मग टाइप करायचं. तिने ‘हो’ लिहिलं हेच पुष्कळ.

माझा नवरा गेला त्याला ११ वर्षं झाली. त्या आठवड्यात फोन सारखा वाजत होता. त्यातल्या एकाही मेसेजमधला शब्द आज मला आठवत नाही. आठवते ती माझ्याबरोबर काम करणारी एक बाई, जिच्याशी माझं फारसं पटायचं नाही. ती आली, दारात उभी राहिली, ‘मी...’ म्हणाली आणि पुढे तिला काही सुचेना. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि घड्या घालायला लागली. टॉवेल, माझे कुडते, उशांचे अभ्रे. मधेच त्याचा शर्ट आला. तिचा हात थांबला, तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने त्याचीही घडी घातली, बाह्या आत दुमडून, गुंडी लावून, आणि तो ढिगावर न ठेवता माझ्या बाजूला ठेवला. पाऊण तास बसली असेल. दहा वाक्यं झाली असतील तर शपथ.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. बोलण्यात आपण किती वेगाने एकमेकांचा धागा उचलतो याचा दहा भाषांमध्ये अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरीने साधारण एक पंचमांश सेकंद जातो. डोळ्याची पापणी लवते तेवढाच म्हण. एवढ्या वेगाची कानाला सवय असते, म्हणून कोणी जरा थांबलं की ते लगेच जाणवतं. त्या बाईचं ते ‘मी...’ आणि पुढची शांतता मला ऐकू आली. मेसेजमध्ये थांबण्याचा अर्थ एकच उरतो : उशीर. तुझ्या दोन ओळी लगेच आल्या म्हणून त्या तिला उथळ वाटल्या असतील, आणि उशिरा आल्या असत्या तर ‘हिला आता वेळ मिळाला’ असं वाटलं असतं. अक्षरांत तुझा आवंढा दिसत नाही, त्याला तू तरी काय करणार!

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण साडेसात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली. घाम फोडणारंच काम. त्यानंतर काहींना आई भेटली, काही आईशी फोनवर बोलल्या, काहींना आईशी फक्त टाइप करून बोलता आलं, आणि काहींना कोणीच नाही. भेटलेल्या आणि आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरात ताणाचं संप्रेरक उतरलं, धीर देणारं ऑक्सिटोसिन वाढलं. टाइप करणाऱ्या मुलींचे आकडे आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारखे आले. मुली लहान होत्या आणि समोर आई होती, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीला हे जसंच्या तसं लावायचं नाही, हे मान्य. पण ग्रुपवर तिला साठ जणांनी हात जोडले असतील तर त्यातलं तिच्या अंगापर्यंत किती पोचलं असेल, याचा अंदाज येतो.

‘विचित्र दिसेल ना’ याबद्दल. विचित्र वाटेल, पण तू धरून चालली आहेस तेवढं नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलंय की जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क करायचा तर लोकांना फोन अवघड वाटतो आणि ते ई-मेल बरा म्हणतात. प्रत्यक्षात ज्यांना फोन करायला लावला त्यांना जवळीक जास्त वाटली, आणि अवघडलेपण ई-मेलवाल्यांपेक्षा काही जास्त नव्हतं. आपला हा अंदाजच चुकतो.

आता कसं जायचं ते सांगते. येऊ का म्हणून विचारू नकोस, कळव : ‘रविवारी संध्याकाळी येतेय, नको असेल तर सांग.’ दारात म्हण, ‘मी तेव्हा यायला हवं होतं. आले नाही.’ आणि तिथे थांब. कारण सांगायला लागलीस की ती तुझी समजूत काढत बसेल. फोन पर्समध्ये राहू दे, टेबलावर पालथाही नको. तिच्या वडिलांबद्दल तुला जे आठवतं, एखादं वाक्य, त्यांची हाक मारायची पद्धत, ते सांग. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. तेव्हा तुझी वेळ अगदीच चुकलेली नाही.

ती चिडेल कदाचित. चिडू दे. ब्लू टिकपेक्षा ते बरं.

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. मुलगा-सून दुसऱ्या देशात असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. सून त्याला धरून बसवते, ‘आजोबांना सांग, काय खाल्लंस?’ तो दोन मिनिटं बघतो आणि पळून जातो. पुढचा अर्धा तास आम्ही मोठी माणसं बोलतो. याला मी खरोखर ओळखीचा आहे, की एखाद्या कार्टूनसारखा?

उत्तर : आजोबा, कार्टून तुम्ही नक्की नाही. २०१४ मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या, म्हणजे तुमच्या नातवाच्याच वयाच्या, मुलांना नवी क्रियापदं शिकवली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून. समोर बसलेली मुलं शिकली, व्हिडिओ कॉलवालीही शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही शिकली. कारण कॉलवरचा माणूस मुलाने काही केलं की त्याला उत्तर देतो, रेकॉर्डिंग देत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडदे नकोत असं सांगितलं, त्यातही व्हिडिओ कॉल तेवढा वगळला.

गडबड दुसरीकडे आहे. एक म्हणजे कॅमेरा. तुम्ही पडद्यावरच्या त्याच्या डोळ्यांत बघता, पण कॅमेरा फोनच्या वरच्या कडेला. त्यामुळे त्याला दिसतं की आजोबा आपल्या हनुवटीशी बोलताहेत. अधूनमधून, विशेषतः त्याला हाक मारताना, त्या छोट्या काळ्या ठिपक्याकडे बघा. तुम्हाला तो दिसणार नाही, त्याला मात्र तुम्ही दिसाल. दुसरं म्हणजे तो प्रश्न. ‘काय खाल्लंस?’ ही सव्वादोन वर्षांच्या माणसाची तोंडी परीक्षा आहे, तो पळतो यात नवल काय! त्याच्याकडे आहे तसाच एक चेंडू तुमच्याकडे ठेवा. तुमचा चेंडू फोनच्या मागे लपवा, ‘गेला कुठे?’ म्हणा. तो त्याच्या फोनच्या मागे बघेल. बघितलं की चेंडू तिथूनच काढा. पुढच्या वेळी तो आपला चेंडू लपवेल. रविवारी अर्धा तास नको, रोज चार मिनिटं. आणि सुनेला सांगा, त्याला धरू नका, नुसतं शेजारी बसा.

एवढं करूनही काही गोष्टी राहतीलच. त्याला तुमच्या मांडीची उंची ठाऊक नाही, तुम्हाला त्याचं वजन. प्रत्यक्ष भेटाल तेव्हा पहिले दोन दिवस तो तुमच्याजवळ येणार नाही, लांबून बघत राहील : फोनातले आजोबा एवढे मोठे कसे? मन खट्टू करून घेऊ नका. चेंडू खिशात ठेवा.

प्रश्न : मुलीच्या शाळेतलं नाटक मी पूर्ण शूट केलं. दोन वर्षांत ते एकदाही पाहिलेलं नाही. परवा तिने विचारलं, ‘बाबा, मी वाक्य विसरले तेव्हा मैत्रिणीने माझा हात दाबला, तुम्ही पाहिलं का?’ मी ‘हो’ म्हणालो. खोटं बोललो.

उत्तर : प्रश्न कुठे आहे यात? पण कळलं.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढा, काही नुसत्या बघा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला. आपण मनाशी म्हणतो, ‘आता फोनमध्ये आहे’, आणि मन ते काम सोडून देतं. यात एक गंमत आहे : ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांना वस्तू चांगली आठवली. म्हणजे दोष सगळा कॅमेऱ्याचा नाही, सगळंच्या सगळं गोळा करण्याच्या हावेचा आहे. पुढच्या वेळी दोन फोटो काढा आणि फोन खिशात टाका. बाकीचं शूटिंग कोणीतरी करतंच, दहा जण हात वर करून उभे असतात.

आणि आज रात्री ते रेकॉर्डिंग तिच्याबरोबर लावा. खोटं बोललो म्हणून सांगा. हात दाबलेला कदाचित त्यात दिसणारही नाही. मग ती तुम्हाला करून दाखवेल.

प्रश्न : नवरा सोफ्यावर माझ्या शेजारी बसून मलाच रील पाठवतो. तोंडाने एक शब्द नाही. याला संवाद म्हणायचं का?

उत्तर : पाठवतोय ना? काहींचे नवरे दुसऱ्यांना पाठवतात. रील आली की फोनवर हसणारा चेहरा टाकू नका, मान वळवून त्याच्याकडे बघून हसा. त्याने मान वर केली तर पुढचं तुम्ही बघून घ्याल. नाही केली तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : तुमचं ते वाक्य वाचून राग आला, म्हणून लिहितोय. मी ३४ वर्षांचा आहे, लहानपणापासून अडखळतो. पूर्वी कुठल्याही काउंटरवर गेलो की ‘नाव?’ असं विचारायचे. माझं नाव पहिल्या अक्षरालाच अडतं. तुम्ही लोक ज्याला प्रत्यक्ष संपर्क म्हणता, ती माझ्यासाठी मागच्या रांगेची चुळबुळ होती. आता बिलं, तिकिटं, बँक, डॉक्टरची वेळ, सगळं अ‍ॅपवर होतं. ऑफिसात चॅट आहे, तिथे मी विनोदी माणूस म्हणून ओळखला जातो, पहिल्यांदाच. गेल्या चार महिन्यांत मला एकदाही स्वतःचं नाव उच्चारावं लागलेलं नाही. हा ऱ्हास आहे का? मला ही सुटका वाटते.

उत्तर : हाताने लिहिलेलं पत्र ते हेच. अक्षर सुरेख आहे तुमचं. आणि राग बरोबर आहे. इतकी वर्षं ज्या माणसांत काढली, त्यांनाच विसरून मी ते वाक्य लिहिलं.

समोरासमोरचं बोलणं सगळ्यांना सारखं सोपं कधीच नव्हतं. टेलिफोनचंच बघा. १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू कमी येत होतं, आणि बायको मेबल लहानपणापासून बहिरी. नवऱ्याचं यंत्र जगभर गेलं, तिच्या मात्र ते उपयोगाचं नव्हतं. ज्या व्हिडिओ कॉलला आम्ही नावं ठेवतो, त्याच्यामुळे खुणांची भाषा बोलणाऱ्यांना दूरच्या माणसाशी थेट आपल्या भाषेत बोलता आलं. आणि अडखळणाऱ्याला टेलिफोन किती छळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तोंडाची धडपड दिसत नाही, त्याला फक्त शांतता ऐकू येते. मग सुरू होतं : ‘हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?’

नावाचंही तसंच. इतर शब्द अडला तर तुम्ही लोक विजेच्या वेगाने दुसरा शब्द काढता. माझ्याकडे येणाऱ्यांचा शब्दसंग्रह बघून मी कित्येकदा थक्क झालेय. पण नावाला पर्यायी शब्द नसतो. माझ्याकडे एक विद्यार्थी यायचा, तो काउंटरवर सरळ मित्राचं नाव सांगायचा, कारण ते अडत नसे. एकदा त्या नावाने पुकारा झाला आणि हा विसरूनच गेला की तो आपणच. सांगताना तो हसत होता, आणि मला हसावं की नाही ते कळेना.

तेव्हा बिलं अ‍ॅपवरच भरा. तिकिटंही. त्या रांगेत उभं राहून कोणाचंही भलं झालेलं नाही, तुमचं तर नाहीच. ऑफिसातला तो विनोदी माणूसही खराच आहे. तो आधीपासून होता, त्याला शिरायला दार नव्हतं.

पण तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीशी मी अडले. चार महिने. तुम्ही मोजलेत. ज्याच्यापासून पूर्ण सुटका झाली, त्याचे महिने कोणी मोजत नाही.

आमच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. शब्द टाळला की त्या वेळेपुरतं हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी तो शब्द थोडा मोठा होऊन येतो. पूर्वी टाळायला मर्यादा होती, दिवसातून दोनदा तरी बोलणं भाग पडायचं. आता हवं तर वर्षभर टाळता येतं. ही सोय मला थोडी भीतीदायक वाटते, तुमच्यासाठी नाही म्हणत, एकूणच. पण तुमच्या बाबतीत तिचा नेमका अर्थ असा की एखाद्या दिवशी नाव सांगावंच लागेल, नवीन कोणी आवडेल, कोणी हात पुढे करेल, तेव्हा ते नाव चार महिन्यांनी वाढलेलं असेल.

म्हणून काउंटर नको, फोन नको, रांग तर नकोच. एक माणूस निवडा. चॅटवर तुमच्या विनोदाला सगळ्यात आधी हसणारा जो कोणी असेल, तो. त्याच्यापुढे बसा आणि पहिलं वाक्य हे म्हणा : ‘मी अडखळतो, मला वेळ लागेल.’ लपवायचं काही उरलं नाही की निम्मी धडपड तिथेच संपते, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. सगळ्यांच्या नाही. मग नाव सांगा. त्याला ते माहीत आहे, तरी सांगा. अडलं तर अडू द्या, जोर लावू नका, खाली बघू नका. तो खाली बघतो का ते बघा. नजर न काढता तो थांबून राहिला, तर जे चॅटवर मिळत नाही ते तुम्हाला मिळालं. त्याने तुमचा शब्द घाईने पुरा केला तर त्याला सांगा, असं करू नकोस. लोकांना खरंच माहीत नसतं.

आणि तोही आज अवघड वाटत असेल, तर पहिली मी. माझा नंबर संपादकांकडे आहे, तुमच्या पत्त्यावर तो पाठवायला सांगितलंय. फोन करा आणि नाव सांगा. लागेल तेवढा वेळ घ्या, मी मधेच ‘हॅलो, हॅलो’ म्हणणार नाही.